पत्र्यावरून उलटलेला छर्रा

मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. बेळगावात एका नेत्रवैद्यांच्या सहा खाटांच्या दवाखान्यात तीस वर्षे मी कंपौंडर होतो. औषधे मिसळणे, डोळ्यांत थेंब घालणे, पट्टी बांधणे आणि रोग्याला स्वस्थ पडून राहायला लावणे, ही माझी कामे. यांतले शेवटचे काम सर्वांत कठीण, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक.

पाठशाळेत व्याकरण आणि थोडे काव्य शिकून मी बाहेर पडलो तेव्हा पौरोहित्याखेरीज काही करावे असे मनात नव्हते. आमच्या डॉक्टरसाहेबांच्या घरी सत्यनारायणाची पूजा सांगायला गेलो असता त्यांनी माझे उच्चार लक्ष देऊन ऐकले आणि दक्षिणा देताना म्हणाले, "शास्त्रीबुवा, ज्याचा अनुस्वार चुकत नाही, त्याचा औषधाचा थेंबही चुकणार नाही. माझ्याकडे येता का?" मी गेलो, तो केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिलो. रोज पहाटे सूर्याला अर्घ्य द्यावे आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांत औषध घालावे, यांत मला कधी विसंगती वाटली नाही. प्रकाशाचीच चाकरी दोन्हीकडे.

मोतीबिंदू, बुबुळावरचे फूल, पापणीतल्या खुपऱ्या हे आमचे नित्याचे पाहुणे. परंतु पहिल्या महायुद्धानंतर आमच्या भागात हवेची बंदूक आली आणि तिच्यामागून एक नवाच रोगी दारात उभा राहू लागला. या बंदुकीची नळी मध्ये मोडून पुन्हा सरळ केली की आतली स्प्रिंग दाबून बसते. घोडा ओढताच हवेच्या धक्क्याने शिशाचा एक छर्रा सुटतो, मसुरीच्या दाण्याएवढा. दारू नाही, धूर नाही, मोठा आवाज नाही. म्हणून लोक तिला खेळणे समजत. डोळ्याला मात्र हे खेळणे आहे हे कळत नाही.

छर्रा डोळ्यापर्यंत कसा पोहोचला, यावर सगळे अवलंबून असते. सरळ वेगाने आला तर तो डोळा फोडून आत शिरतो, आणि मग नजर परत येण्याची आशा जवळजवळ नसते. सांब्र्याचे एक शेतकरी असेच आले होते. शेजाऱ्याने पेरूवरच्या पोपटांवर मारलेला छर्रा पानांतून निसटून त्यांना लागला होता. पाच दिवस घरी पाल्याचा रस घालून ते सहाव्या दिवशी आले. फुटलेला डोळा वेळीच काढला नाही तर कधी कधी दुसरा धड डोळाही त्याच्या सोबतीने आंधळा होतो. म्हणून डॉक्टरसाहेबांना तो काढावा लागला. त्या गृहस्थांनी काढलेला डोळा कुठे ठेवता असे मला विचारले. 

उलट पिरनवाडीच्या एका पैलवानाच्या डोळ्यात छर्रा पांढऱ्या भागावरच्या पातळ कातडीखाली अडकून बसला होता. डॉक्टरसाहेबांनी तो चिमट्याने अलगद काढून त्याच्या तळहातावर ठेवला. नजर जशीच्या तशी. पैलवानाने तो कुंकवाच्या डबीत घालून नेला आणि त्या वर्षी दसऱ्याच्या शस्त्रपूजेत मांडला, असे त्याचा थोरला भाऊच सांगून गेला.

तिसरा प्रकार या दोहोंमधला. कशावर तरी आपटून, अर्धा वेग गमावून छर्रा डोळ्यावर येतो. डोळा फुटत नाही, पण आत रक्त होते. माझ्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची आणि सर्वांत लाजेची गोष्ट या तिसऱ्या प्रकारातली आहे.

दुसरी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी, एका दुपारी निपाणीहून भाड्याची मोटार करून तंबाखूचे एक जैन व्यापारी आले. नाव भरमाप्पा, वय चाळिशीचे, अंगाने भरदार, आणि चेहरा असा की जखम त्यांनाच झाली असावी. त्यांच्या आधाराने त्यांची विधवा थोरली बहीण पद्माक्का उतरल्या. उजव्या डोळ्यावर ओल्या फडक्याची घडी होती. डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. म्हणजे जो दुखावला होता तोच काय तो एक डोळा त्यांना होता.

"काय लागलं?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

भरमाप्पा मान खाली घालून उभे. पद्माक्काच म्हणाल्या, "सांग की रं. अहिंसा कशी केलास ती सांग सायबास्नी."

झाले होते ते असे. भरमाप्पांच्या वखारीत पारवे फार झाले होते. ते आढ्यावर बसून खालच्या तंबाखूच्या पानांवर घाण करीत. कोणीतरी सल्ला दिला म्हणून भरमाप्पांनी हवेची बंदूक आणली. परंतु जैनाच्या हातून पाखरू कसे मरावे? तेव्हा त्यांनी युक्ती काढली. वखारीत एक जाड लोखंडी पत्रा टांगला आणि छर्रा त्यावर मारू लागले. ठण् असा आवाज होई, पारवे उडून जात आणि जीवहत्या होत नसे. महिनाभर हे धर्मयुद्ध सुरळीत चालले. त्या दिवशी पद्माक्का घरातून वखारीच्या दाराशी आल्या त्या हे सांगायला की, हिंसेचे हत्यार हिंसेसाठी वापरा वा न वापरा, घरात ठेवू नये. वाक्य पुरे होण्याच्या आतच छर्रा पत्र्यावरून उलटला आणि त्यांच्या डोळ्यावर आला.

"पारवं वाचलं," पद्माक्का म्हणाल्या.

डॉक्टरसाहेबांना हसू आवरेना, परंतु डोळा तपासताच ते गंभीर झाले. बुबुळावरची पारदर्शक काच आणि तिच्या मागचा रंगीत पडदा यांच्यामध्ये थोडे निर्मळ पाणी असते. तिथे अर्ध्यापर्यंत रक्त साचले होते, दिव्याच्या भांड्यात तेल दिसावे तसे. ते म्हणाले, "डोळा फुटलेला नाही, हे नशीब. रक्त आपोआप विरेल. पण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत आतली फाटलेली शीर पुन्हा सुटण्याची भीती असते. तसं झालं, तर मी काही वचन देऊ शकत नाही. डोळ्याला पट्टी, दोन उशांवर उताणं पडून राहायचं. मान हलवायची नाही, वाकायचं नाही. खोकला नको, शिंक नको."

"आणि बोलायचं?" भरमाप्पांनी आशेने विचारले.

"बोलायला हरकत नाही."

"मग बरी होतीया," भरमाप्पा म्हणाले.

त्या दिवशी सकाळीच निपाणीत पद्माक्कांचे देवदर्शन आणि जेवण झाले होते, म्हणून पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन गेलो तर पद्माक्कांनी ओठ मिटून घेतले. त्यांना लहान वयापासून नियम होता: जिनदेवाच्या मूर्तीचे दर्शन झाल्याखेरीज अन्नपाणी घ्यायचे नाही. आणि सूर्य मावळल्यावरही घ्यायचे नाही. म्हणजे पट्टी सुटेपर्यंत, आठ दिवस, उपास.

उपासाने शोष पडला की उलटी होते, आणि उलटी म्हणजे शिंकेची थोरली बहीण. डॉक्टरसाहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "शास्त्रीबुवा, हे तुमच्या खात्यातलं काम."

शहरातल्या बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, पुजारी उपाध्ये माझ्या ओळखीचे होते. त्यांना जाऊन विचारले. ते म्हणाले, आजारात नियम शिथिल करता येतो, मागून प्रायश्चित्त घ्यावे. मी हर्षाने ते पद्माक्कांना सांगितले.

"म्हंजे आधी चिखल तुडवायचा आणि मग पाय धुवायचं?" त्या म्हणाल्या. "चिखलातच कशाला जायचं, शास्त्रीबुवा?"

 खरे सांगायचे तर या प्रश्नापुढे पाठशाळेतल्या गुरुजींनीही हात टेकले असते.

दुपारपर्यंत त्या तशाच पडून होत्या. मग एकाएकी म्हणाल्या, "भरमू, माझा डोळा कुणी घालवला?"

"मी, आक्का."

"मग तुझा डोळा माझाच हाय आता. बस्तीत जा, देव बघ, आणि जसा बघितलास तसा हितं आणून सांग. पुरा आण. अर्धा आणलास तर मी जेवायची न्हाय."

भरमाप्पा धावत गेले आणि धावतच आले.

"बघितलो, आक्का."

"काय बघितलास?"

"देव."

"कसा हाय?"

"हाय की. काळा हाय. बसलाय."

"डोळं कसं हायत?"

भरमाप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी कधी आत गेलेलो नव्हतो. मी काय सांगणार? "मिटल्यालं," ते म्हणाले, आणि लगेच, "न्हाय, उघडं."

"मला इचारतोस व्हय रं? जा परत."

त्या दिवशी ते तीन वेळा गेले. दुसऱ्या खेपेला डोळे अर्धोन्मीलित असल्याचे कळले, पण मांडीवरच्या हातांपैकी कोणता वर, हे राहिले. तिसऱ्या खेपेला घामाने निथळत आले आणि खाटेच्या कडेला हात टेकून एकेक गोष्ट सांगू लागले: उजवा तळहात वर आहे, डोक्यावर नागाच्या सात फणा आहेत, डावीकडच्या एका फणेचा टवका उडालाय, छातीवर गंधाची रेघ होती ती जरा वाकडी आली होती. पद्माक्का ऐकत होत्या. पट्टीखाली चेहरा दिसत नव्हता, पण ओठ हळूहळू सैल झाले. सूर्य खूप खाली गेला होता. त्या म्हणाल्या, "झालं दर्शन. आणा दूध."

भरमाप्पा माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "शास्त्रीबुवा, चाळीस वर्सं देवळात जातोय, पर आज पयल्यांदा गेल्यावाणी वाटालंय."

त्यानंतर रोज सकाळी हा पाठ होई. बाकीच्या पाच खाटांवरचे रोगीही कान टवकारून ऐकत. बाराबंदीतले एक म्हातारे पाटील तर रोज विचारत, "काय भरमाप्पा, देव काय म्हणतोय आज?" हसण्याची मनाई एकट्या पद्माक्कांना होती, आणि त्याच सर्वांना हसवीत.

मी एक नियम कडक केला होता. निपाणीचा माणूस आला की त्याच्याबरोबर तंबाखूची धूळ येते. त्यांना तिची सवय असते, इतरांना शिंका येतात. म्हणून भरमाप्पांनी अंघोळ करून धुतलेले धोतर नेसल्याखेरीज मी त्यांना खोलीत येऊ देत नसे. त्यांच्या कोटाचे खिसे मी स्वतः उलटे करून पाही. मोठ्या दिमाखाने पाही.

चौथ्या दिवशी वखारीतला माणूस भरमाप्पांचा निरोप घेऊन निपाणीला गेला आणि परतताना माझ्यासाठी एक चांदीची डबी घेऊन आला. भरमाप्पांनी माझ्या हातात ठेवून म्हटले, "तुमी लई केलासा. आमच्या वखारीची तपकीर हाय." तपकिरीचा नाद मला तरुणपणापासून. डॉक्टरसाहेबांच्या नकळत मी अंगणात जाऊन एक चिमूट ओढली. काय तिचा सुवास! उपरण्याने नाक पुसले, हात स्वच्छ धुतले आणि थेंब घालायला गेलो.

हात धुतले होते. उपरणे धुतले नव्हते. मी पद्माक्कांच्या तोंडावर वाकलो, आणि उपरण्याचा पदर त्यांच्या नाकावरून गेला.

त्यांना लागोपाठ तीन शिंका आल्या. तिसरीनंतर त्या म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, डोळ्यात कायतरी ऊन ऊन वाटालंय."

डॉक्टरसाहेबांनी पट्टी सोडून दिवा धरला. अर्ध्यावरून ओसरत आलेले रक्त आता वरपर्यंत भरले होते. रंगीत पडदा दिसेना, बाहुली दिसेना. त्यांनी पुन्हा पट्टी बांधली, माझ्या खांद्यावरचे उपरणे दोन बोटांनी उचलून नाकाशी नेले आणि परत ठेवले.  तीस वर्षांत त्यांनी मला दिलेली ती एकच शिक्षा. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता डोळ्याच्या आतला दाब वाढला तर छेद घेऊन रक्त काढावं लागेल. त्यात नजर राहते, जातेही. एकच डोळा आहे. वाट पाहू."

मी पद्माक्कांच्या खाटेजवळ जाऊन जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. डबी माझी, चिमूट माझी, उपरणे माझे. त्यांनी ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, "भरमू पारवं राखाया गेला, मग उपकार फेडाया गेला. वाईट कुणीच न्हाय, आणि डोळा मातूर माझाच." मग हात चाचपडत माझ्या मनगटावर ठेवून, "सोडा आता ती तपकीर. माझ्यासाठी न्हाय. त्या पाटलास्नी सुदिक शिंका यायच्या."

डबी मी भरमाप्पांना परत दिली. त्या दिवसापासून आजतागायत चिमूट ओढलेली नाही. यात माझा पुरुषार्थ मुळीच नाही. तपकिरीचा वास आला की अजून हात आधी उपरण्याकडे जातो, इतकेच.

पुढचे नऊ दिवस मी जी प्रार्थना केली तिच्यात कोणता देव कोणाचा, हा विचार राहिला नव्हता. डॉक्टरसाहेब रोज पापणी उचलून दिवा धरत आणि विचारत, "काय दिसतं?" पद्माक्का म्हणत, "उजेड हाय. रूप न्हाय." दिवा चारी बाजूंनी फिरवला की त्या बाजू अचूक सांगत, त्यावरून डोळ्याचा मागचा पडदा शाबूत आहे हे समजे; त्यावरच आमचा धीर टिकून होता. भरमाप्पा रोज बस्तीत जात. आता त्यांना परत पाठवावे लागत नसे. परत यायलाच उशीर होई.

शिंकांनंतरच्या सहाव्या दिवसापासून रक्त वरून पातळ होऊ लागले. तांब्यातला गढूळ गाळ खाली बसत जावा आणि वरचे पाणी निवळावे, तसे. आधी पडद्याची वरची कड दिसली, मग अर्धी बाहुली. नवव्या दिवशी सायंकाळी डॉक्टरसाहेब म्हणाले, "छेदाची गरज नाही. उद्या पट्टी सोडू आणि नजर मोजू."

सकाळी आम्ही सगळे खाटेभोवती जमलो. पट्टी निघाली. पद्माक्कांनी डोळा घट्ट मिटलेलाच ठेवला.

"डोळा उघडा, आक्का. माझी बोटं किती, ते सांगा," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"तुमची बोटं लई गुणाची हायत, सायब. पर पयलं रूप देवाचं बघणार. न्हायतर बघायचीच न्हाय."

डॉक्टरसाहेबांच्या कपाळावर आठी आली, मग ती गेली. "टांगा बोलवा," ते म्हणाले. "नजर तिथंच मोजू."

हत्ती अंगावर धावून आला तरी जैनमंदिराचा आसरा घेऊ नये, असे एक जुने वचन पाठशाळेत आम्ही पाठ केले होते. माझ्या मागे हत्ती नव्हता, परंतु डॉक्टरसाहेब होते. मी पायऱ्या चढून आत गेलो, आणि गर्भगृहातला तो थंडावा आणि चंदनाचा वास अंगावर येताच त्या वचनाच्या कर्त्याची मला दया आली.

नुकताच अभिषेक झाला होता. भरमाप्पांनी बहिणीला हाताला धरून मूर्तीसमोर उभे केले. त्यांनी हात जोडले आणि डोळा उघडला.

 डॉक्टरसाहेब म्हणाले, "काय दिसतं?"

"देव."

"कसा?"

"सात फणा. उजवा हात वर."

"ते तुमच्या भावानं सांगितलेलं आहे. पाठ म्हणू नका. त्यानं न सांगितलेलं सांगा."

पद्माक्का थोड्या पुढे झुकल्या. "डाव्या कोपराच्या खळीत दूध ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "आणि उपाध्ये, खांद्यावर झेंडूची पाकळी चिकाटल्या. आज गडबडीत हुतासा काय?"

उपाध्ये लगबगीने वस्त्र घेऊन पुढे झाले. डॉक्टरसाहेबांनी त्यांना हाताने थांबवले. "पुसू नका! राहू द्या." मग पद्माक्कांच्या दंडाला धरून ते पावलापावलाने मागे सरकू लागले. "पाकळी दिसते?" "दिसत्या." "आता?" "दिसत्या." सभामंडपाच्या मध्यावर दूध दिसेनासे झाले. चौथ्या खांबापाशी पाकळी धूसर झाली. उंबरठ्याला टाच लागली तेव्हा पद्माक्का म्हणाल्या, "पाकळी गेली. पर देव हाय."

डॉक्टरसाहेबांनी पावले मोजली होती. वहीत मी आकडा लिहिला. त्या डोळ्याची बाहुली पुढे किंचित लांबट राहिली, उन्हात त्यांना हाताचा आडोसा करावा लागे, आणि मार खाल्लेल्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर होतो म्हणून दरवर्षी तपासणीला या, असे आम्ही बजावले. चष्म्याने मोठा टाइप वाचता येई. आमच्या हिशेबाने ही पुरी नजर नव्हती. पद्माक्कांच्या हिशेबाने होती.

डॉक्टरसाहेब बूट घालायला बाहेर पडले. पद्माक्का उंबरठ्याशी वळल्या. त्यांच्यामागे भरमाप्पा नव्हते. ते अजून आत मूर्तीपुढे हात जोडून उभे होते.

"अरं भरमू, चल की! जेवायचं हाय."

"तुमी समदी व्हा म्होरं, आक्का," भरमाप्पा मागे न पाहता म्हणाले. "रोज तुझ्यासाठी बघितलो. आज माझ्यासाठी बघतोय."